गॅसचे ४३ फोटो

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज मोबाइलमधले गॅसच्या बटणांचे ४३ फोटो डिलीट केले. सगळे एकसारखे. तीच शेगडी, कोपऱ्यात तीच हळदीचा डाग पडलेली टाइल. घरातून निघताना काढायचा आणि ठाणे स्टेशन येईपर्यंत चारदा उघडून बघायचा. तरी शंका, हा आजचाच ना?

ऑफिसातली एकजण परवा म्हणाली, "मलापण ओसीडी आहे गं, टेबलावर पेन वाकडं चालत नाही." मी नुसती हसले. माझ्या टेबलावर कालचा चहाचा कप असतो. आजी 'मंत्रचळ' म्हणायची, तेही सारखे हात धुणाऱ्या शेजारणीला. मी कुठे हात धुते? म्हणून मला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार आणि ते शमवायला तेच तेच करत राहण्याचा आजार, हे इतकी वर्षं कळलंच नाही.

माझं वेगळंच. गाडी येताना वाटतं, समोरच्या बाईला ढकलून दिलं तर? मग खांबाला पाठ लावून, पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहते. कोपिनेश्वराच्या पिंडीसमोर हात जोडले की मनात घाणेरडी शिवी. मग जप ११ वेळा, मध्ये शिवी आली की पुन्हा एकपासून. आईला सांगितलं असतं तर तिने दृष्ट काढली असती.

डॉक्टरबाई येल-ब्राउनची, म्हणजे ओसीडी किती आहे ते मोजायची, यादी वाचत होत्या तेव्हा मी तीनदा विचारलं, "हेपण त्यात आहे?" मनातल्या मनात केलेला जपसुद्धा हात धुण्यासारखाच, म्हणाल्या. तेव्हा त्रासाचे ४० पैकी २६ गुण आले होते, आता १९. गोळ्यांचा गुण यायला अडीच महिने लागले. मळमळ मात्र पहिल्या दिवसापासून हजर.

गृहपाठ असा: फोटो काढायचा नाही, परत फिरायचं नाही, नवऱ्याला विचारायचं नाही. तिसरं सगळ्यात जड. आज रिक्षा तीन हात नाक्याला अडकली आणि तोंडातून गेलंच, "गॅस बंद केलास ना रे?" पूर्वी दहादा "हो गं बाई" म्हणायचा. आता त्यालाही ताकीद आहे.

"माहीत नाही," म्हणाला, आणि बाहेर बघत बसला. चेहरा त्याचाच पडलेला.

रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "मागे घेऊ का, ताई?"

"नको." छाती धडधडत होती ती मुलुंड गेल्यावर जरा निवली.

संध्याकाळी आलो तर गॅस बंद. स्वयंपाकघराची खिडकी मात्र सताड उघडी, आणि ओट्यावर कबुतर.