तुम्ही विचारलंत म्हणून: कुठला क्लास लावला होता?

लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या गाडीत, दिवाळीत माहेरी गेले की गल्लीत, हा प्रश्न मला ठरलेला असतो. "तू बार्शीची, मराठी शाळेतली, इंग्रजी सुरू झालं ते पाचवीत. मग एवढं सफाईनं कसं बोलतेस? कुठला क्लास लावला होतास?"

लावला होता की. दोन महिने. तिथे रोज एकानं उभं राहून 'माय सेल्फ अमुक अमुक' म्हणायचं आणि सरांनी 'व्हेरी गुड' म्हणायचं. फी परत मिळत नव्हती, म्हणून दोन्ही महिने संपेपर्यंत जात राहिले.

खरं उत्तर दिलं की लोकांना चेष्टा वाटते. मी इंग्रजी बोलायला शिकले ते सिनेमाच्या प्रीमियरला लाल गालिच्यावर उभ्या असलेल्या नटनट्यांच्या मुलाखती बघून. सिनेमे बघून नव्हे हं. सिनेमातले लोक पुटपुटतात, आणि तिथलं इंग्रजी माझ्या काय कामाचं? हिंजवडीत बसून लंडनच्या एका कंपनीचे हिशेब तपासणाऱ्या बाईला पिस्तूल रोखून बोलायची वेळ येत नाही. माझी अडचण वेगळी होती. आकडे आले की मी तयार. पण कॉल सुरू व्हायच्या आधीची दोन मिनिटं, वीकेंड कसा गेला, हवा काय म्हणते, तिथे माझी बोबडी वळायची. आणि लाल गालिच्यावर असतात ती नेमकी हीच दोन मिनिटं.

तिथली पद्धत अशी की कठड्यामागे पत्रकार आपापल्या ठरलेल्या जागी ओळीनं उभे असतात. नट एकेकासमोर थांबत पुढे सरकतो, प्रत्येकाच्या वाट्याला मिनिट-दोन मिनिटं. बाजूला त्याची प्रसिद्धी सांभाळणारी बाई घड्याळावर डोळा ठेवून असते आणि 'लास्ट क्वेश्चन' म्हणते. या रांगेमुळे एकच माणूस तासाभरात तोच किस्सा दहा जणांना सांगतो. कीर्तनकाराचं आख्यान एकच, गावं वेगळी, तसं. मी एकाच संध्याकाळच्या, एकाच नटाच्या पाच-सहा क्लिपा शोधून काढायचे. एक जण शूटिंगमध्ये घोड्यावरून पडला होता. पहिल्या माइकला म्हणाला, 'आय फेल ऑफ.' दुसऱ्याला, 'ही थ्रू मी ऑफ.' तिसऱ्याला, 'आय केम ऑफ.' रांगेच्या शेवटी दमून नुसतं म्हणाला, 'द हॉर्स वॉन.' पडणं एकच, सांगायच्या तऱ्हा चार. हे मला कुठल्या क्लासनं शिकवलं असतं?

शब्दांनी फजितीही बरीच केली. 'वी हॅड अ ब्लास्ट ऑन सेट' ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. मुंबईच्या बातम्या ऐकत वाढलेल्या माणसाला ब्लास्ट म्हणजे एकच गोष्ट माहीत. ती नटी मात्र हसत होती, तेव्हा कळलं की मजा आली म्हणतेय. 'व्हॉट ड्रू यू टू धिस रोल?' यातला 'ड्रू' मी चित्र काढण्यातला धरून बसले होते, तो निघाला ओढण्यातला. 'हू आर यू वेअरिंग?' हा तर मला व्याकरणाचा खून वाटला. तुम्ही कोणाला घातलंय, हा काय प्रश्न झाला? उत्तरात डिझायनरचं नाव आलं, तेव्हा उजेड पडला.

लंडनच्या प्रीमियरचा चौकही मी कितीतरी दिवस मनात 'लायसेस्टर स्क्वेअर' असाच वाचत होते. निवेदिकेनं 'लेस्टर' म्हटलं, तेव्हा मला ते दुसरंच ठिकाण वाटलं. तिथल्या आणि हॉलिवूडच्या क्लिपा शेजारी शेजारी ठेवल्या की गंमत कळते. अमेरिकन नटाला सगळंच 'अमेझिंग' आणि 'इन्क्रेडिबल'. इंग्रज नट हजारो लोक नावानं ओरडत असताना म्हणतो, 'इट्स अ बिट मॅड, इझन्ट इट?' माझे साहेब लंडनचे, म्हणून मी लेस्टर स्क्वेअरचा पंथ धरला. त्यांनी कामाला 'क्वाइट गुड' म्हटलं की आधी मी खूश व्हायचे. मग लक्षात आलं की इंग्रजांचं 'क्वाइट गुड' म्हणजे आपलं 'बरं आहे'.

7 जुलै 2011 च्या क्लिपा मी सगळ्यात जास्त घोटल्या आहेत. हॅरी पॉटरच्या शेवटच्या सिनेमाचा प्रीमियर, ट्रफाल्गर स्क्वेअरपासून लेस्टर स्क्वेअरपर्यंत गालिचा, आधी पावसात मुक्काम ठोकून बसलेली पोरं. मी तो सिनेमा अजून पाहिलेला नाही. पण लहानपणापासून एकत्र काम केलेल्या मुलांना निरोपाबद्दल कसं बोलावं हे सुचत नव्हतं, आणि न सुचताना माणूस कुठले शब्द धरतो ते तिथे ऐकायला मिळतं. 'वेल', 'आय मीन', 'आय डोंट नो, इट्स जस्ट...' शाळेत असं बोललो असतो तर पट्टी बसली असती.

आणखी एक, खरं तर सगळ्यात मोठी गोष्ट. त्या गोंगाटात नटांनाच प्रश्न ऐकू येत नाही. ते पुढे वाकतात, कानाशी हात नेतात आणि म्हणतात, 'सॉरी, से दॅट अगेन?' इंग्लंडात जन्मलेला माणूस इंग्रजी प्रश्न पुन्हा विचारायला लावतो आणि त्याला काडीची लाज वाटत नाही! मी तोवर दोन वर्षं न समजलेल्या प्रश्नांना 'येस, येस' म्हणत आले होते, आणि त्यापायी एकदा भलतीच फाइल पाठवून बसले होते. दुसऱ्या दिवशी कॉलवर म्हणाले, 'सॉरी, से दॅट अगेन?' समोरच्यानं पुन्हा सांगितलं. एवढंच. हातांना मात्र घाम फुटला होता.

हे औषध जपून घ्या, एवढं नक्की सांगेन. लंडनहून एक मोठ्या बाई आल्या होत्या. मी कात्रजहून दोन बस बदलून धापा टाकत पोचले. त्यांनी विचारलं, 'हाउ वॉज युअर जर्नी?' माझ्या कानात सगळा लाल गालिचा घुमत होता. म्हटलं, 'इट्स बीन अ‍ॅन इन्क्रेडिबल जर्नी. आय अ‍ॅम सो ग्रेटफुल टू द होल टीम.' त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'ऑन द बस?'

हल्ली भाची सुट्टीत येते तेव्हा आम्ही दोघी मिळून क्लिपा बघतो. भाकऱ्या थापताना मी निवेदिका होते, ती नटी. गेल्या मे महिन्यात आई इरकल नेसून देवळात निघाली होती. भाचीनं लाटणं तिच्या तोंडासमोर धरलं. "आजी, हू आर यू वेअरिंग?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं, "ही साडी कोणाची, असं विचारतेय."

"कोणाची म्हणजे? माझीच आहे."