४२ किलोमीटर आणि हातावरची ४२ नावं

ताईच्या मुलीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं, डॉक्टर व्हीएसडी म्हणतात, खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. ती ७ महिन्यांची असताना ऑपरेशन झालं, आता घरभर पळते, म्हटलं आपणही पळू, आणि मागच्या महिन्यात पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किमी, पळून आलो, अशा मुलांच्या ऑपरेशनला मदत करणाऱ्या संस्थेसाठी. साधारण १०० बाळांमागे एकाला हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

खरं सांगू का, पळण्यापेक्षा पैसे मागणं जड गेलं. ग्रुपवर लिंक टाकली तर २७ अंगठे आले आणि पैसे दोघांचे. मग एकेकाला वेगळा मेसेज केला, "तुझ्या नावाचा एक किलोमीटर पळतो, देतोस का?" आणि गाडी सुरू झाली. पहिली देणगी स्वतःची टाका बरं का, शून्य दिसलं की कोणी खिशात हात घालत नाही. पावती मिळते का तेही आधी विचारून ठेवा, लोक विचारतातच.

आदल्या रात्री ४२ नावं डाव्या हातावर पेनाने लिहिली आणि ती हुशारी अंगाशी आली, १८व्या किमीला घामाने शाई ओघळायला लागली आणि २५ नंतर हात नुसता निळा. कागदाच्या पट्टीवर लिहा, वरून पारदर्शक टेप मारा.

सुरुवातीला गर्दीबरोबर वाहवत गेलो, पहिले ५ किमी ठरवल्यापेक्षा किमीमागे २० सेकंद फास्ट, त्याचं व्याज ३१व्याला भरलं, अंगातलं ग्लायकोजन, म्हणजे स्नायूंनी साठवलेली साखर, संपलं आणि पायांची लाकडं झाली. एनर्जी जेल, म्हणजे पळताना खायची साखरेची घट्ट पेस्ट, सुरुवातीपासून ठरावीक वेळाने घ्या, थकवा यायची वाट बघू नका, मी बघितली. पाणी मात्र तहानेपुरतंच, दिसेल त्या टेबलावर ढोसलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

३४व्याचं नाव वाचता येत नव्हतं पण पाठ होतं, ऑफिसमधला तो, ज्याने तीनदा आठवण केल्यावर पैसे दिले आणि वर म्हणाला "चालायचं नाही हां". मी तेव्हा चालतच होतो. मुकाट परत पळायला लागलो. असा एखादा खवचट माणूस ३० च्या पुढे नक्की ठेवा.

पण एक आहे, छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा, लोकांनी पैसे दिलेत म्हणून रेटू नका. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर नाव नोंदवायच्या आधी डॉक्टरला दाखवा.

लिंक रेसनंतर आठवडाभर चालू ठेवा, मेडलचा फोटो गेल्यावर बरेच जण जागे झाले. मेडल सध्या भाचीकडे आहे, रिबन काढून बाहुलीला बांधलीये.