क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात आठवा दिवस

निवृत्तीनंतर आम्ही दोघे आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ, ला पोसाच्या सरकारी जमिनीवर मुक्कामाला आलो, त्याला आज आठवडा झाला. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना काढून इथे महिनोन्‌महिने राहता येते. मात्र गाडीपाशी ना नळ, ना वीज, त्यामुळे टाकीतले पाणी पुरवून वापरावे लागते, आणि खरकटी ताटे विसळण्याआधी कागदाने पुसून घेण्याची सवय हिने मला पहिल्याच दिवशी लावली.

आज सकाळी गावातल्या दफनभूमीत हाय जॉलीची समाधी पाहिली. अमेरिकी सैन्याच्या उंटांबरोबर १८५६ साली आलेला हा उंटवाला मूळचा हाजी अली, अमेरिकी तोंडी त्याचा ‘हाय जॉली’ झाला; तो १९०२ मध्ये वारला. त्याच्या दगडी पिरॅमिडच्या टोकावर तांब्याचा एक उंट उभा आहे. परक्या मुलखातून येऊन याच मातीत मिसळून गेलेल्या त्या माणसापुढे, चाळीस वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले आम्ही दोघे बराच वेळ काही न बोलता उभे होतो.

संध्याकाळी छतावरच्या सौर पॅनेलवरची धूळ पुसून मी खाली उतरलो, तेव्हा हिने आल्याचा चहा केला होता. सूर्य मावळताच गारठा असा वाढला की शाली घेऊनच बाहेर बसलो.