पिंपातला पाद्री

पिंपात माणूस बसवायचा तर आधी हवा आणि उजेडाची सोय करावी लागते. १९३२ साली इंग्लंडातल्या ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर मांडलेल्या पिंपात विजेचा दिवा होता, आणि आतल्याच्या चिरुटाचा धूर बाहेर पडावा म्हणून वर चक्क धुराडं. आतला माणूस म्हणजे नॉरफकमधल्या स्टिफ्की गावचा रेक्टर, म्हणजे तिथल्या चर्चचा पाद्री, हॅरल्ड डेव्हिडसन. सुटीला आलेली मंडळी पैसे मोजून त्याला बघायची. रांग एवढी वाढली, की रस्ता अडवल्याबद्दल त्याला दंड झाला.

चर्चमध्ये येण्याआधी तो रंगमंचावर विनोदी कामं करायचा. पुलपिट, म्हणजे चर्चमधली प्रवचनाची जागा, तीही तशी पिंपासारखी लाकडाचीच, छातीपर्यंत येणारी. १९०६ पासून स्टिफ्कीचं पुलपिट त्याच्या ताब्यात होतं. पण आठवडाभर स्वारी लंडनमध्ये, वाट चुकलेल्या पोरींना सावरायला. चहाच्या दुकानांत वाढणाऱ्या मुलींच्या मागे तो इतका लागायचा, की काही दुकानांनी त्याला दारच बंद केलं. प्रार्थनेपुरता तो रेल्वेने गावी यायचा. १९३० साली युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमालाच तो वेळेवर पोचला नाही. चिडलेल्या एका माजी मेजरने पुढे बिशपकडे तक्रार केली, ती मात्र गैरहजेरीची नाही, लंडनमधल्या वागणुकीची.

२९ मार्च १९३२ला खटला उभा राहिला. न्यायालय नॉर्विचच्या धर्मप्रांताचं, बसलं मात्र वेस्टमिन्स्टरला, कारण साक्षीदार लंडनचे. बचावाला सगळ्यात महाग पडला एक फोटो: अंगावरची शाल घसरलेली पंधरा वर्षांची मुलगी, आणि शेजारी पाद्रीबुवा. ८ जुलैला पाचही आरोप शाबीत झाले. २१ ऑक्टोबरला नॉर्विचच्या कॅथीड्रलमध्ये बिशपनी त्याची दीक्षा काढून घेतली. निकाल बरोबर की चूक, हा वाद अजून मिटलेला नाही. फोटोला मात्र उत्तर नव्हतं.

१९३५ मध्ये त्याने प्राणांतिक उपोषण मांडलं. त्या काळी इंग्लंडात आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा, म्हणून पोलिसांनी उचललं. तो सुटला, उलट दावा लावून ३८२ पौंड भरपाईही घेऊन आला.

मग पिंपाहून मोठी जागा मिळाली. स्केग्नेसच्या जत्रेत सिंहांच्या पिंजऱ्यात शिरून तो आपली कैफियत मांडू लागला. २८ जुलै १९३७ला फ्रेडी नावाच्या सिंहाने त्याला मानेशी धरलं. सोळा वर्षांच्या एका मुलीने, सिंहांना सांभाळणारीने, त्याला ओढून बाहेर काढलं. ३० तारखेला तो गेला. स्टिफ्कीच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं, तेव्हा बघ्यांनी ते एवढंसं गाव भरून गेलं होतं.