पाठीवर पिलू, पायाखाली झाड

लेकरांना वर्षावनावर लिहा म्हटलं की पहिल्याच तासाला सिंह येतो. तो जंगलाचा राजा, मग त्याची सभा, मग कोल्ह्याची युक्ती. सिंह गवताळ माळावर राहतो, असल्या घनदाट ओल्या रानात नाही, हे सांगितल्यावर वर्ग गप्प झाला. मला ती शांतता आवडते. गाइडातलं जंगल तिथं संपतं.

आमची जिल्हा परिषदेची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. म्हणून प्राण्यांच्या आधी पाऊस घेतला. आपल्याकडचा वर्षाचा पाऊस वाहून न जाता जमिनीवर उभा राहिला तर कुठवर येईल, याची खडूने भिंतीवर खूण केली. ती चौथीतल्या पोरांच्या कमरेला आली. ॲमेझॉनच्या रानाची खूण २,००० मिलिमीटरवर, माझ्याही डोक्याच्या वर. एकजण तिला हात लावायला उड्या मारत राहिला.

मग एकच प्राणी घ्यायचा आणि त्याची एकच खरी सवय. 'सुंदर', 'भयानक' हे शब्द बंद. मध्य अमेरिकेतल्या रानात दोन-अडीच सेंटिमीटरची लाल विषारी बेडकी असते. अंड्यातून पिलं निघाली की ती त्यांना पाठीवर घेऊन झाडावर चढते. अननसाच्या कुळातल्या झाडांच्या पानांच्या बेचक्यात पावसाचं पाणी साचतं, त्यात एकेक पिलू वेगवेगळं सोडते. पुढं काही आठवडे प्रत्येकाकडं फिरून येते आणि खायला स्वतःचीच न फळलेली अंडी घालते.

"बाई, पाणी आटलं तर?" लगेच प्रश्न आला. ज्या मुलीनं विचारलं, तिच्या घरी उन्हाळ्यात टँकरवरनं घागर तीच आणते. तिनं लिहिलं:

पाठीवर पिलू, पायाखाली झाड,
बेडकी चालली वर.
पानात वाकून बघती
पाणी हाय का?
इथं नाही. पुढच्या पानात बघू.

यमक नाही, आणि मी जुळवायलाही लावलं नाही. 'हाय'चं 'आहे' तर मुळीच केलं नाही. यमकाच्या नादी लागलं की लेकरं 'पाणी'ला 'राणी' आणून बसवतात आणि बेडकी बाजूला राहते.

गोष्टीला मात्र नुसती सवय पुरत नाही, अडचण लागते. ती स्लॉथनं दिली. हा प्राणी सगळा वेळ झाडावरच लटकलेला असतो, पण शी करायला साधारण आठवड्यातून एकदा खाली उतरतो. जमिनीवर त्याला धड चालता येत नाही, आणि बिबट्यासारखा शिकारी जॅग्वार तिथंच फिरत असतो. शी म्हटल्यावर वर्ग खदखदला. हसू ओसरल्यावर एका मुलानं गोष्टीचं पहिलं वाक्य लिहिलं, "आज उतरायचा दिवस हाय आन् खाली पाला वाजला." त्यापुढं मला शिकवण्यासारखं काही नव्हतं, पाला कशानं वाजला एवढंच विचारलं.

येत्या शनिवारी पानं कापणाऱ्या मुंग्या घेणार आहे. त्या पानं वारुळात नेऊन त्यांवर बुरशी पिकवतात आणि तीच खातात. सोयाबीनवरची बुरशी मारायला घरोघरी पाठीवर पंप घेऊन फवारणी चालते, ते बघितलेली ही लेकरं. त्यांच्या वह्या कधी हातात येतात असं झालंय.