आमची वाटचाल: हिडकलच्या पाण्याकाठी

धरणाच्या फुगवट्याला तंबू मारणाऱ्यानं आधी पाणी कुठवर चढतं ते विचारावं, भाडं नंतर. आम्ही विचारलं होतं. बेळगाव जिल्ह्यात घटप्रभेवरच्या हिडकल जलाशयाची पूर्ण पातळीची खूण सोडून वर जागा घेतली. गिऱ्हाइकांनी तंबूत राहावं, गळ टाकून मासे धरावेत, असा धंदा. दोन तंबू, मेव्हण्याची होडी आणि एक चूल, एवढ्यावर सुरुवात. पुढचे हंगाम बरे गेले.

मग २०१९चा ऑगस्ट आला. धरण तुडुंब. मागचा नाला डोंगरातून फुगून उतरला, पण पुढं त्याला जायला जागाच नाही. पाणी उलटं फिरलं आणि रात्रीत आमच्या शेडमध्ये छातीएवढं झालं. होडी गेली. नऊ तंबू गाळात. चिखल धुवायला दोन महिने लागले, कापडाचा कुबट वास शेवटपर्यंत गेला नाही.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरच्या डीजेवाल्या रिसॉर्टनं बेळगावात सांगत सुटायला सुरुवात केली, "त्यांचं सगळं वाहून गेलं, आमच्याकडं या." आमची जुनी गिऱ्हाइकं तिकडं वळली. ही गोष्ट मी विसरलेलो नाही. जाग्यावर येऊन बघितलं असतं तर दिसलं असतं, आम्ही खुंट्या ठोकत होतो.

खुंट्यांचंही सांगतो. तंबूसोबत वीतभर खुंट्या येतात. काळ्या मातीत त्या उन्हाळ्यात आत जात नाहीत आणि पावसात धरत नाहीत. आम्ही संकेश्वरात लोहाराकडून सळईच्या हातभर लांब करून घेतल्या. पुरात तंबू कुजले, या खुंट्या अजून वापरात आहेत.

डिसेंबरात बेळगावचे मास्तर आले. पहिल्या हंगामापासूनचं गिऱ्हाईक, निवृत्त. त्यांचा गळ म्हणजे शिस्त. कटला वरच्या पाण्यात, रोहू मधे, मृगळ तळाला, त्याप्रमाणं दोरा सोडायचा. कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून आणायचे. एकच तंबू उभा होता. ते पोत्यावर बसले, म्हणाले, "उभं करशील की रे!" जाताना वर्षभराच्या रविवारांचे पैसे चहाच्या डब्याखाली ठेवून गेले. मार्च २०२०ला टाळेबंदी लागली तेव्हा त्याच पैशांतून दोन पोरांचे पगार निघाले.

नव्यानं येणाऱ्यांना एक सांगणं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं, सगळे तिकडं धावतात. वरून भेगाळलेला गाळ सुका दिसला तरी आत ओला असतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो. पोरांना मळलेल्या वाटेवरूनच न्या. आणि पावसाळ्यात पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, असलेली मासळी गळाला लागली तर पाण्यात परत सोडा. आमच्याकडं तसा नियमच आहे, त्यावरून दोन गिऱ्हाइकं भांडून गेली, जाऊ देत.

आज अकरा तंबू आहेत, होडी नवी आहे. मास्तरांचा गळ शेडच्या आढ्याला टांगलेला असतो. येताना ते फक्त कणीक आणतात.