जुन्या लॅपटॉपचे वायफाय: आधी ओळख, मग उपाय

आमच्या घरातला एक लॅपटॉप बरीच वर्षे कपाटात पडून होता. तो २००९ सालचा आहे, पण त्याचा पडदा स्वच्छ आहे आणि कळा खोल दाबल्या जातात, त्यामुळे सलग लिहिणाऱ्याची बोटे दुखत नाहीत. आईला लिखाणासाठी असेच यंत्र हवे होते, म्हणून मी त्यावर डेबियन या लिनक्स प्रणालीची बारावी आवृत्ती आणि एक हलका डेस्कटॉप बसवला. आवाज, कॅमेरा, पडद्याचा उजळपणा हे सगळे पहिल्याच बूटला नीट चालू लागले. वायफाय मात्र चालेना. त्यासाठी मला चार संध्याकाळी द्याव्या लागल्या, आणि त्यांपैकी निदान दोन वाया गेल्या, कारण समोर कोणती चिप आहे हे पाहण्याआधीच मी उपाय करायला बसलो होतो.

पहिल्या संध्याकाळी माझी चूक अशी झाली. नेटवर्कची यादी रिकामी दिसली, लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉम कंपनीची वायफाय चिप आहे एवढे मला ढोबळ माहीत होते, आणि ‘ब्रॉडकॉम असेल तर कंपनीचा स्वतःचा डब्ल्यूएल ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) बसवावा’ हा सल्ला पूर्वी कधीतरी ऐकलेला होता. तारेने इंटरनेट जोडून मी तो ड्रायव्हर बसवला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, आणि यादी रिकामीच राहिली. मग तो ड्रायव्हर काढून टाकला आणि झोपलो. या काढून टाकण्यातही एक चूक दडलेली होती, ती पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी मी अगदी तळापासून सुरुवात केली. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, ‘आरएफकिल लिस्ट’ ही कमांड दिली की यंत्रातल्या रेडिओंची आणि त्यांच्या बटणांची स्थिती दिसते. तिथे प्रत्येक नोंदीखाली दोन ओळी असतात: सॉफ्ट ब्लॉक आणि हार्ड ब्लॉक. सॉफ्ट ब्लॉक म्हणजे प्रणालीने रेडिओ बंद ठेवलेला असतो आणि तो ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ म्हटल्यावर उघडतो. हार्ड ब्लॉक म्हणजे यंत्रावरच्या प्रत्यक्ष बटणाने रेडिओ बंद केलेला असतो, आणि तिथे कोणत्याही कमांडचे काही चालत नाही. माझ्याकडे हार्ड ब्लॉकपुढे ‘येस’ होते. मी लॅपटॉप उलटा करून टॉर्चच्या उजेडात कडा तपासल्या. पुढच्या कडेला, जिथे मनगट टेकते त्याच्या बरोबर खाली, नखाने सरकवावी लागेल एवढी लहान पट्टी होती. तिच्या खाचेत धूळ बसून ती काळ्या कडेशी एकजीव झाली होती. ती उजवीकडे सरकवली आणि कळफलकाच्या वरचा नारिंगी दिवा निळा झाला. आदल्या दिवशीच्या ड्रायव्हरला दोष देण्याचे काही कारणच नव्हते, कारण रेडिओला परवानगीच मिळालेली नव्हती.

पण दिवा निळा होऊनही यादी रिकामीच होती. आता मात्र मी घाई केली नाही आणि आधी चिपची ओळख करून घ्यायचे ठरवले. या लेखात मला आग्रहाने सांगायचे आहे ते हेच, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

लॅपटॉपच्या मागच्या लेबलावरचे मॉडेलचे नाव या कामी पुरत नाही. एकाच मॉडेलमध्ये, एकाच वर्षी, वेगवेगळ्या कंपन्यांची वायफाय कार्डे बसवलेली असू शकतात. चिपचे खोक्यावरचे किंवा माहितीपत्रकातले नावही पुरेसे नसते. विचारायचे ते थेट यंत्राला. ‘एलएसपीसीआय’ या कमांडला ‘एनएनके’ हा पर्याय जोडला की प्रत्येक उपकरणापुढे चौकटी कंसात दोन संख्यांची जोडी दिसते. कोलनच्या आधीचा भाग कंपनीचा असतो, आणि ब्रॉडकॉमसाठी तो १४ई४ आहे. कोलनच्या नंतरचा भाग त्या विशिष्ट उपकरणाचा असतो. या जोडीवरूनच कर्नल, म्हणजे प्रणालीचा मूळ भाग, कोणता ड्रायव्हर जोडायचा ते ठरवतो, त्यामुळे आपणही तीच जोडी पाहायला हवी.

नावावर विसंबल्याने किती घोटाळा होऊ शकतो याचे उदाहरण माझ्याच चिपच्या घराण्यात आहे. १४ई४:४३१२ ही जोडी दिसली तर कोणालाही वाटेल की ही बीसीएम४३१२ चिप आहे, पण प्रत्यक्षात ती बीसीएम४३११ असते. बीसीएम४३१२ या नावाने ओळखली जाणारी कमी वीज खाणारी चिप १४ई४:४३१५ या जोडीने समोर येते. या दोन चिपांचा रेडिओचा भाग वेगळा आहे आणि त्यांना लागणारे फर्मवेअरही (कार्डावरच चालणारा प्रोग्राम) वेगळे आहे. म्हणजे ‘माझ्याकडे ४३१२ आहे’ एवढेच सांगून कोणाला सल्ला विचारला, तर सांगणारा आणि ऐकणारा दोन वेगळ्या चिपांबद्दल बोलत असण्याची पुरेपूर शक्यता असते. माझ्या लॅपटॉपमध्ये १४ई४:४३१५ निघाली. ती मी कागदावर लिहून भिंतीवर चिकटवली आणि पुढचा प्रत्येक शोध याच जोडीने घेतला.

त्याच कमांडच्या उत्तरात आणखी एक ओळ पाहण्यासारखी असते, ती म्हणजे सध्या कोणता ड्रायव्हर जोडलेला आहे ती. या चिपसाठी कर्नलमध्ये बी४३ नावाचा ड्रायव्हर आहे, म्हणून तिथे ‘बी४३-पीसीआय-ब्रिज’ असे दिसायला हवे. माझ्याकडे ती ओळच नव्हती. ड्रायव्हर होता, पण कोणीतरी त्याची वाट अडवली होती, आणि ती अडवणूक आदल्या रात्रीची होती. कंपनीचा डब्ल्यूएल ड्रायव्हर बसवताना त्याचे पॅकेज एक लहानशी फाइल ठेवते. बी४३ आणि त्याच्यासारखे दुसरे ड्रायव्हर आपोआप सुरू होऊ नयेत असे त्या फाइलमध्ये लिहिलेले असते. ते योग्यही आहे, कारण एका चिपवर दोन ड्रायव्हर हक्क सांगू लागले तर एकही चालत नाही. पण डेबियनमध्ये पॅकेज ‘रिमूव्ह’ केले तर अशा सेटिंगच्या फाइली मागे राहतात, त्या जाण्यासाठी ‘पर्ज’ म्हणावे लागते. मी फक्त रिमूव्ह केले होते. पर्ज करून लॅपटॉप पुन्हा सुरू केला, आणि ती ओळ दिसली.

आता कर्नलच्या नोंदी वाचण्यात अर्थ होता. त्या दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ या कमांडमध्ये बी४३ने चिप ओळखल्याचे, तिच्या गाभ्याची आवृत्ती १५ असल्याचे लिहिले होते, आणि त्याखालीच तक्रार होती: ‘यूकोड१५’ नावाची फर्मवेअरची फाइल सापडत नाही. मला ही तक्रार वाचून हायसे वाटले. आता प्रश्नाला नाव आले होते.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांतला फरक इथे समजून घ्यावा लागतो. ड्रायव्हर आपल्या संगणकाच्या प्रोसेसरवर चालतो, तर फर्मवेअर वायफाय कार्डावरच्या लहानशा प्रोसेसरवर. या पिढीच्या कार्डांमध्ये ते कायमचे भरून ठेवलेले नसते. दरवेळी रेडिओ सुरू होताना ड्रायव्हर ते डिस्कवरून उचलतो आणि कार्डाच्या स्मृतीत भरतो. फाइल नसेल तर कार्ड ओळखले जाते, पण काम करत नाही.

बी४३चा इतिहास मला मनापासून आदर वाटावा असा आहे. कंपनीने या चिपांचे तांत्रिक दस्तऐवज उघड केलेले नव्हते. तेव्हा काही स्वयंसेवकांनी उपलब्ध ड्रायव्हरचा बारकाईने अभ्यास करून चिप कशी वागते याचे वर्णन लिहून काढले, आणि दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला, म्हणजे मूळ कोडची नक्कल झाल्याचा आक्षेप येऊ नये. बीसीएम४३एक्सएक्स हे त्याचे आधीचे रूप २००६ साली २.६.१७ या कर्नलमध्ये आले, बी४३ हे नाव जानेवारी २००८मध्ये २.६.२४बरोबर आले, आणि माझ्या चिपच्या कमी विजेच्या रेडिओला आधार मिळाला तो डिसेंबर २००९च्या २.६.३२ या कर्नलपासून. पुढे, सप्टेंबर २०१०मध्ये, ब्रॉडकॉमने आपल्या त्यापुढच्या काही चिपांसाठी स्वतः मुक्त (खुल्या कोडचा) ड्रायव्हर प्रसिद्ध केला, पण माझ्या चिपला त्याचा उपयोग नाही.

ड्रायव्हर मुक्त झाला तरी फर्मवेअर मूळ कंपनीचेच लागते, आणि त्याच्या पुनर्वितरणाची परवानगी नाही. डेबियनने २०२२ साली मतदान घेऊन, २०२३च्या बाराव्या आवृत्तीपासून बिगरमुक्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे इतर अनेक कार्डे आता आपोआप चालतात. पण ज्याच्या वाटपालाच परवानगी नाही ते त्यात येऊ शकत नाही. त्यावरचा मार्ग असा: ‘फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर’ हे पॅकेज फर्मवेअर स्वतः बाळगत नाही, बसवताना ते कंपनीचा जुना ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घेते आणि ‘एफडब्ल्यूकटर’ नावाच्या साधनाने त्यातून नेमका फर्मवेअरचा भाग कापून योग्य जागी ठेवते. म्हणजे वायफाय सुरू करण्यासाठी आधी दुसऱ्या वाटेने इंटरनेट हवे. तार नसेल तर फोन यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला देता येते, आणि डेबियनमध्ये त्यासाठी सहसा वेगळे काही बसवावे लागत नाही.

पॅकेज बसले, ड्रायव्हर काढून पुन्हा भरला, आणि शेजारपाजारच्या नेटवर्कांची नावे एकेक करून यादीत उतरली. त्यात आमच्या घरचे नाव मात्र नव्हते.

याचे कारण राउटरमध्ये होते. ही चिप ८०२.११ बी आणि जी या मानकांची आहे. तिला फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा समजतो, ५ गिगाहर्ट्झवरचे नेटवर्क तिला दिसतच नाही, आणि आमच्या राउटरवर २.४चा पट्टा बंद करून ठेवलेला होता. तो सुरू केल्यावर नाव दिसले, पण पासवर्ड बरोबर देऊनही जोडणी होईना. राउटर केवळ डब्ल्यूपीए३ स्वीकारत होता. हे संरक्षण २०१८चे, चिप त्याच्या कितीतरी आधीची. २.४च्या पट्ट्यासाठी डब्ल्यूपीए२ निवडले आणि जोडणी झाली. जुन्या लॅपटॉपसाठी संरक्षण याहून खाली आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे: २००४च्या मानकातले डब्ल्यूपीए२ या चिपला उत्तम समजते, त्यामुळे डब्ल्यूईपीसारखी मोडीत निघालेली पद्धत वापरण्याचे काही कारण उरत नाही.

चौथी संध्याकाळ अँटेनाची. राउटर असलेल्या खोलीत सगळे ठीक होते, पण शेजारच्या खोलीत गेले की सिग्नल उणे ८२ डीबीएमपर्यंत (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) घसरायचा आणि जोडणी तुटायची. भिंत एकच, तीही पातळ, म्हणून शंका आली. बॅटरी काढली, तळाचे झाकण उघडले. मिनी पीसीआय एक्सप्रेसचे अर्ध्या लांबीचे कार्ड, ३० मिलिमीटर रुंद आणि जेमतेम २७ मिलिमीटर लांब, दोन स्क्रूंनी बसवलेले होते. पडद्याच्या कडेने येणाऱ्या दोन बारीक तारा, एक काळी आणि एक पांढरी, त्यावरच्या दोन सोनेरी ठिपक्यांवर टेकायला हव्या होत्या. काळी बसलेली होती. पांढरी ठिपक्याच्या शेजारी नुसती पडून होती, आणि कार्डावर त्या ठिपक्यापाशी ‘मेन’ असे छापलेले होते. ही जोडणी दोनेक मिलिमीटर व्यासाची असते. ती वाकडी दाबली तर तिची कडा चेपते, आणि ती साधारण ३० वेळा काढघाल करण्यासाठीच बनवलेली असते, म्हणून उगीच काढून पाहू नये. मी तारेचे टोक ठिपक्यावर बरोबर मधोमध धरले, बोटाच्या पेराने सरळ खाली दाबले, आणि अगदी हलकी ‘टक’ जाणवली. झाकण लावून त्याच खोलीत त्याच जागी मोजले तेव्हा सिग्नल उणे ५८ होता.

वेगाबद्दल अपेक्षा रास्त ठेवावी. जी मानकाचा कागदावरचा वेग ५४ मेगाबिट असतो आणि प्रत्यक्षात २०च्या आसपास मिळतो. लिखाण, वाचन, पत्रव्यवहार आणि साधा व्हिडिओ यांसाठी तो पुरतो. ज्यांना याहून जास्त हवे असेल त्यांनी कार्ड बदलण्याचा विचार करावा. अथेरॉसची एटीएच९के ड्रायव्हरवर चालणारी पीसीआय कार्डे यासाठी मला सर्वांत बरी वाटतात, कारण त्यांना वेगळी फर्मवेअरची फाइल लागतच नाही. मात्र काही लॅपटॉपांचे बायोस (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) ठरावीक कार्डांखेरीज दुसरे कार्ड दिसले की बूटच होऊ देत नाही, म्हणून ही खात्री आधी करून घ्यावी.

फर्मवेअरचा ‘बी४३’ हा फोल्डर मी एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवला आहे, आणि त्याच्या शेजारी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चार ओळी: १४ई४:४३१५, पुढच्या कडेची पट्टी उजवीकडे, रिमूव्ह नव्हे पर्ज, आणि पांढरी तार मेनवर. पुढे कधी प्रणाली नव्याने बसवावी लागली, तर तो फोल्डर ‘लिब’मधल्या ‘फर्मवेअर’खाली ठेवला की वायफाय सुरू होईल, आणि त्यासाठी तारेच्या इंटरनेटची गरज लागणार नाही.